बॅगवरचा हात

"मॅडम, बीप हळू झालं का?" सिस्टरांनी विचारलं तेव्हा मी मॉनिटरकडेच बघत होते. हळू झालं होतं. मग आणखी हळू झालं. मग पुढचं बीप आलंच नाही.

"गॅस सोड!" मी ओरडले.

सुहासनं पोटातला गॅस सोडला. सुहास म्हणजे आमचा सर्जन. वयानं माझ्याहून बराच लहान आणि हाताचा चपळ. मी ॲट्रोपिन दिलं. हे हृदयाला पळवणारं औषध. हृदय पळालं नाही. मॉनिटरवर रेघ सरळच. सुहासनं दोन्ही हात छातीवर ठेवून दाबायला सुरुवात केली.

मी भूलतज्ज्ञ आहे. परभणीत माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही. ज्या नर्सिंग होममध्ये ऑपरेशन असेल तिथं मी स्कूटीवर सामान घेऊन जाते. पेशंटचे नातेवाईक मला 'भूलवाल्या बाई' म्हणतात. माझं नाव कुणाला माहीत नसतं. ते विचारायची वेळ त्यांच्यावर येऊ नये, एवढीच माझी इच्छा असते.

टेबलावर होत्या कौसल्याबाई, येलदरीकडच्या. पित्ताशयात खडे. दुर्बिणीचं ऑपरेशन करताना आत नीट दिसावं म्हणून पोटात गॅस भरतात. पोटाचं अस्तर ताणलं जातं आणि कधीकधी व्हेगस चिडते. ही नस मेंदूपासून हृदयावरून थेट पोटापर्यंत जाते. बैलाला कासरा असतो तशी ही हृदयाला. बेतानं धरला तर बैल शहाण्यासारखा चालतो. हिसका बसला तर भर रस्त्यात थबकतो.

याच नसेचं माझ्या घरी वर्षभर कौतुक चाललं होतं. आमचे हे कृषी विद्यापीठात मातीचे प्राध्यापक. मला पन्नाशी लागली, पाळी जाताना घाम आणि धडधड सुरू झाली, तेव्हापासून ह्यांना व्हेगसचा शोध लागला. श्वास लांब सोडला की ही नस धडधड उतरवते म्हणे. "गार पाण्याचा हबका मार. श्वास सावकाश सोड. भुंग्यासारखं हं करत बस." मी म्हणायचे, "अहो, त्या नसेच्या करामती मी रोज बघते. मला शिकवता?" तरी एकदा भुंगा करून पाहिला. सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, मिक्सर बंद कर ना!"

तर सुहास छाती दाबत होता आणि मी हातानं श्वास देत होते. श्वासाचं यंत्र काढून रबरी बॅग जोडायची, ती दाबली की हवा पेशंटच्या छातीत जाते, सोडली की बाहेर येते. किती वेळ गेला ते विचारू नका. घड्याळ समोर होतं, कुणी पाहिलं नाही. ॲड्रिनलिन दिलं. मग एक बीप आलं. थांबून दुसरं. मग ओळीनं येऊ लागली.

सिस्टर रडत होत्या आणि ट्रे आवरत होत्या. सुहासनं कपाळ बाहीला पुसलं.

"मॅडम, गॅसनंच झालं. आता अगदी सावकाश भरतो. उरकून घेऊ या. नाहीतर बाहेर काय सांगायचं?"

प्रश्न रास्त होता. असा झटका बऱ्याचदा गॅस सोडला की निघून जातो आणि ऑपरेशन पुरं होतं. हो म्हणणं सोपं होतं. नाही म्हणणंही सोपं होतं, कारण कानात माझंच हृदय बडवत होतं. भीतीनं दिलेला नकार आणि विचार करून दिलेला नकार बाहेरून सारखेच ऐकू येतात.

"थांब जरा. बोलू नकोस," मी म्हणाले.

यंत्र परत जोडायचं धाडस होईना, म्हणून बॅग हातातच होती. घाबरल्या हातानं मी ती भराभर दाबत होते. पेशंटसाठी ते वाईट. म्हणून मुद्दाम हळू केलं. दाबायची, मग सोडून छाती पूर्ण खाली बसेपर्यंत वाट बघायची. जरा वेळानं लक्षात आलं की बाईंबरोबर मीही श्वास सोडतेय, तितकाच लांब. कानातली बडवाबडवी उतरली. हात बॅगवर स्थिर झाला. बरं मात्र काही वाटलं नाही.

मग मी मॉनिटरकडे पुन्हा पाहिलं, आणि दिसलं. ॲट्रोपिन, ॲड्रिनलिन पोटभर दिलेलं हृदय एव्हाना धावायला हवं होतं. हे रेंगाळत होतं. वरच्या कप्प्यांचे ठोके त्यांच्या चालीनं, खालच्यांचे त्यांच्या. एकमेकांशी बोलणं बंद. बीप नियमित होतं, म्हणून मघाशी आम्ही फसलो. आदल्या दिवशीचा ईसीजी चांगला होता. दुखणं लपून बसलं होतं.

"सुहास, हे नुसतं गॅसचं नाही. हृदयाचं वायरिंगच गेलंय. टाके घाल. नांदेडला न्यायचं."

"मॅडम, लोक मला फाडून खातील."

"खाऊ दे. पुन्हा गॅस भरलास तर हे परत चालू होणार नाही."

ॲम्ब्युलन्समध्ये मी बॅग दाबत बसले. समोर कौसल्याबाईंचे मालक, टोपी हातात घेऊन.

"मॅडम, खडे निघाले का?"

"नाही निघाले."

"मंग पोटाला भोकं कशाला पाडली?"

मी सांगितलं. हृदय थांबलं होतं हेही सांगितलं. त्यांनी बायकोच्या पायाला हात लावला.

"सकाळी सोताच्या पायानं आली व्हती. तुमीच भूल देलती ना?"

"हो, मीच."

"नाव काय म्हणायचं तुमचं?"

मी नाव सांगितलं.

नांदेडला पेसमेकर बसला. खडे पुढं तिथंच काढले. कौसल्याबाई जगल्या. पण मेंदूला मधे रक्त कमी पडलं, ते पडलंच. आता त्यांना स्वतःच्या लेकीचं नाव आठवायला थांबावं लागतं. लेक समोर उभी राहते, त्या बघत राहतात, आणि मग नाव येतं. कधी येत नाही. सुहासकडे तपासणीला आल्या तेव्हा मी पाहिलं. मालक त्यांचा हात धरून माझ्यासमोरून घेऊन गेले.

घरी ह्यांनी विचारलं, "मग, श्वासाचा उपयोग झाला म्हणायचा?" झाला. त्यानं मन प्रसन्न होतं असं लोक सांगतात, ते मला माहीत नाही. मला फक्त पुढचं वाईट नीट दिसलं, आणि आमच्या धंद्यात तेवढंच कामाला येतं.

हल्ली अशी केस झाली की माझा हात स्थिर होईपर्यंत मी पुढची घेत नाही. सर्जन मंडळी कुरकुरतात, "मॅडमचं वय झालं." झालंय. थांबा म्हणते.