सासऱ्यांची साक्ष

"करून करून भागला नि देवपूजेला लागला," सासूबाई म्हणाल्या, "आणि त्याची साक्ष द्यायला उभी कोण राहणार, तर माझ्याच घरातली सून."

"आई, हळू बोला. बाबा ऐकतायत."

"ऐकू दे की. त्याचे दोन्ही कान शाबूत आहेत."

सासूबाईंचा डावा कान तीस वर्षांपूर्वी गेला होता, आणि तो कशानं गेला हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सून भांडी पुसत राहिली. नवरा बंद पडलेल्या इस्त्रीची वायर सोलत टेबलाशी बसला होता. तो वायरमन. घरात भांडण लागलं की त्याला काहीतरी दुरुस्त करायचं आठवायचं.

"मी अजून हो म्हटलेलं नाही," सून म्हणाली. "शेवटचा धडा उद्या आहे."

"मग उद्या नाही म्हण. आजवर कितीजणांना परत पाठवलंस. एक आणखी."

हे खरं होतं. परत पाठवणं हा तिचा धंदाच होता. कपड्यांच्या कारखान्यात ती बावीस वर्षं तयार माल तपासत होती. गळ्यात दोरीला बांधलेली छोटी कात्री, समोर शर्टांचा ढीग. शिवण ओढून बघायची, कॉलर उलटायची, सुटलेले धागे कापायचे, खोट निघाली की शर्ट डाव्या टोपलीत. सगळ्या तिला कात्रीबाई म्हणायच्या. प्रत्येक शर्टाला शिवणारणीच्या नंबरची चिठ्ठी असायची. एका बाईशी तिचं बिनसलं होतं, तेव्हा सलग चार दिवस त्या बाईचे चांगले शर्ट तिच्या हातून डावीकडे गेले होते. कोणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं. तेव्हापासून ती चिठ्ठी आधी उलटी करायची आणि मग शर्ट हातात घ्यायची.

मंडळीतही तिचं काम तसंच. जुन्या गोदामात भरणारी साठेक ख्रिस्ती माणसांची मंडळी, पण शिस्तीची. बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतःच्या विश्वासानं, आणि टाकीच्या पाण्यात पूर्ण बुडवून. त्याआधी सहा धडे. पवित्र शास्त्र हे देवाचं वचन. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव. माणूस जन्मानंच पापी. येशू निष्पाप असून आपल्या जागी वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. तारण कृपेनं, विश्वासानं, स्वतःच्या कर्मांनी नव्हे. तो पुन्हा येणार आणि न्याय करणार. ज्यानं हे धडे दिले त्यानंच रविवारी पुढे उभं राहून पाळकांच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंच्या, तीन प्रश्नांना उत्तरं द्यायची. याला समजलंय का? याचा विश्वास आहे का? तुमच्या मनात याच्याविषयी काही शंका आहे का? साक्षीदार गप्प राहिला तर टाकी काठोकाठ भरलेली असली तरी माणूस कोरडा घरी जायचा.

बारा वर्षं बायाबापड्यांचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे धडे तीच घ्यायची. शेवटी एकच विचारायची, "देवानं तुम्हाला स्वर्गात का घ्यावं?" तिथेच माणसं घसरायची. मागच्या गल्लीतली निवृत्त नर्स, जिनं उभा जन्म परक्यांची दुखणी काढली, ती दोनदा परत गेली होती. दोन्ही वेळा म्हणाली होती, "मी कुणाचं वाईट केलं नाही, होईल तेवढी सेवा केली." कात्रीबाईनं धड्यांचा कागद मिटून ठेवला होता. "हे सगळं खरं आहे, मावशी. पण हे उत्तर नाही."

आता सासऱ्यांची पाळी होती.

अठरा वर्षांपूर्वी ते दुसऱ्या बाईबरोबर निघून गेले होते. जाण्याआधीची पंचवीस वर्षं कशी गेली ते सासूबाईंच्या कानाला विचारावं. सासूबाई मंडळीत जायला लागल्या तेव्हा सासऱ्यांनी त्यांचं शास्त्राचं पुस्तक शेगडीत घातलं होतं. सासूबाईंनी दुसरं आणलं आणि पिठाच्या डब्यात ठेवलं. घराचे हप्ते त्यांनीच दवाखान्याच्या फरश्या पुसून फेडले. आणि मागच्या हिवाळ्यात सासरे परतले, एक पिशवी, दोन निकामी फुप्फुसं आणि औषधांची यादी घेऊन. मुलानं दार उघडलं. सासूबाईंनी आपली गादी उचलली आणि पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणली. आयत्या बिळावर नागोबा, एवढंच म्हणाल्या.

"बुडवणार आहेत ना त्याला?" त्या आता म्हणाल्या. "मग जरा जास्त वेळ धरा म्हणावं खाली."

नवऱ्याला हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात दडवलं. सुनेलाही आलं असतं, पण सासूबाई हसत नव्हत्या.

"चाळीस वर्षं मी त्या बाकावर बसतेय," त्या म्हणाल्या. "मार खाऊन गेले, उपाशी गेले, ताप असताना गेले. ह्याची सगळी घाण काढली आणि तोंडातून शिवी काढली नाही. मला स्वर्गात जागा आहे ती त्या सगळ्याची कमाई. आणि हा सहा गुरुवार पलंगावर बसून ऐकणार, आणि माझ्याच शेजारी येऊन टेकणार?"

सुनेचा हात थांबला. तिनं हातातलं ताट पुन्हा पुसलं, मग आणखी एकदा. हेच उत्तर दुसऱ्या कोणी दिलं असतं तर तिनं कागद मिटला असता.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"तुझं तोंड सांगतंय. बोल."

"काही नाही म्हटलं ना, आई."

सासूबाईंनी तिला निरखलं. त्यांचा एक कान गेला होता, डोळे नव्हते गेले. "एक ऐकून ठेव," त्या म्हणाल्या. "तू त्याच्यासाठी उभी राहिलीस तर मी त्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही."

ही पोकळ धमकी नव्हती. त्या बाईनं आयुष्यात एकच जागा स्वतःची म्हणून मिळवली होती आणि ती होती तिसऱ्या रांगेतली भिंतीकडची. उजवा कान पाळकांकडे यावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सून कामावरून आली आणि पदर खोचून सरळ पुढच्या खोलीत गेली. सासरे उशांना टेकून बसले होते. तिनं खुर्ची ओढली, कागद मांडीवर घेतला आणि एकेक कलम विचारलं. त्यांना पाठ नव्हतं. तिघे मिळून एकच देव, त्या त्रैक्याशी अडकले. "ते मला नीट कळत नाही," म्हणाले. "तुला कळतं?"

"पूर्ण नाही," ती म्हणाली. "विश्वास आहे."

"मग माझंही तेच लिही."

बाकीचं त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं, दम घेत घेत. मग ती शेवटच्या प्रश्नाशी आली. मनातून तिला वाटत होतं की म्हाताऱ्यानं घसरावं. एकदाच म्हणावं, मी आता सुधारलोय, आता दारूला शिवत नाही. कागद मिटायला तेवढं पुरलं असतं.

"देवानं तुम्हाला स्वर्गात का घ्यावं?"

"घेऊ नये," सासरे म्हणाले. ते खिडकीकडे बघत होते. "माझं काय आहे तिथे दाखवायला? माझ्याऐवजी त्यानं भोगलं, असं तुमचं शास्त्र सांगतं. ते खरं असेल तर घेईल. नसेल तर नाही घेणार. माझ्या हातात दुसरं काही नाही."

बारा वर्षांत इतकं सरळ उत्तर तिला कोणी दिलं नव्हतं.

"आणि आईंचं काय?" तिनं विचारलं. हा प्रश्न कागदावर नव्हता. "त्यांची माफी मागितलीत?"

"नाही."

"का?"

"मागितली तर तिला द्यावी लागेल. तुमच्यात तसंच शिकवतात ना? आयुष्यभर मी तिच्याकडून ओरबाडूनच घेतलं. हे एक तरी राहू दे."

हा शहाणपणा होता की भित्रेपणा? शर्ट असता तर तिनं उजेडात धरला असता. माफी मागितली नाही, म्हणजे पश्चात्ताप खरा नाही, असं म्हणून त्यांना परत पाठवता आलं असतं. पाळकांनीही मान्य केलं असतं, घरही शांत झालं असतं. फक्त तिला ठाऊक राहिलं असतं की हा चांगला शर्ट आपण डाव्या टोपलीत टाकला, कारण चिठ्ठी वाचली.

शनिवारी अर्धी पाळी करून ती मंडळीत गेली. पाळक बाह्या सरसावून व्यासपीठाखालची टाकी घासत होते. व्यासपीठाच्या फळ्या काढून बाजूला ठेवल्या होत्या.

"आहेत का तयार तुमचे सासरे?"

"आहेत."

"देवाची करणी," पाळक म्हणाले आणि ब्रश खाली ठेवला. "मी म्हणत होतो, आईंना उद्या पहिल्या रांगेत बसवू. ते पाण्यातून वर आले की त्यांनी हात धरून बाहेर घ्यावं. केवढी मोठी साक्ष होईल लोकांना."

"कोणत्या कलमात आहे ते?"

"अं?"

"सहाही धडे मी शिकवते, पाळकसाहेब. क्षमा देवानं केली, फुकट केली, हे मी उद्या उभी राहून सांगेन. पण ज्या बाईचा कान गेला तिनं हात धरायचा, हे मी कुठे वाचलेलं नाही."

पाळक थोडे वरमले. "क्षमा करायची शिकवण तर सगळ्यांनाच आहे," ते हळूच म्हणाले.

"आहे. त्यांचं त्या देवाशी बघतील. त्यांच्या पाठीला हात लावून कोणी ढकलायचं नाही." मग तिनं आणखी एक गोष्ट विचारली. पाळकांनी ओले हात पँटला पुसले आणि खिळ्यावरची एक किल्ली काढून तिला दिली.

संध्याकाळी जेवायच्या वेळी तिनं पुढच्या खोलीचं दार सताड उघडलं. पलंगावरून सासऱ्यांना टेबल दिसत होतं. सासूबाई ताटावरून उठायला लागल्या.

"बसा आई. मला एकदाच सांगायचंय, सगळ्यांना."

त्या बसल्या, अर्ध्याच. नवऱ्यानं हातातला चमचा ठेवला.

"मी उद्या उभी राहणार," ती म्हणाली. "बाबांना समजलंय, त्यांचा विश्वास आहे, मला शंका नाही. खोटं बोलणार नाही मी तिथे, कुणासाठीच."

सासूबाईंनी ताट पुढे सरकवलं.

"अजून संपलं नाही. उद्या दुपारी बाबांचं सामान मंडळीच्या मागच्या खोलीत जाईल. किल्ली माझ्याकडे आहे. शेजारी झाडलोट करणारं जोडपं राहतं, हाक मारली तर ऐकू जातं. दोन्ही वेळचा डबा मी पोचवणार, औषधं द्यायची जबाबदारी तुमची," तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "आई मंडळीत येतील किंवा येणार नाहीत. का आला नाहीत, का बोलत नाही, हे त्यांना कोणी विचारायचं नाही. पाळकांनीसुद्धा नाही. आणि आईंची गादी उद्यापासून पुढच्या खोलीत."