नाताळचं झाड आणि केसरच्या बांगड्या

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात कुणाच्या घरी काय शिजतंय हे शेजारणीला आधी कळतं, घरच्यांना मागाहून. असल्या वस्तीत केसरमावशीनं एक गोष्ट जन्मभर पोटात ठेवली. म्हातारपणी ती तिनं मला सांगितली, आणि तेव्हापासून त्या वस्तीवरचा माझा राग काही उतरलेला नाही.

तिचा नवरा शिवदास मचव्यावर खलाशी होता, मुंबईला मासळी पोचवायचा. एका जानेवारीत येताना त्यानं रॉकेलच्या कापलेल्या डब्यातून एक झाड आणलं. शेंड्याची पानं कुंकवासारखी लाल. गोरे लोक नाताळात ते दिवाणखान्यात मांडतात आणि सण सरला की टाकून देतात; कुठल्याशा बंगल्याच्या माळ्यानं ते याला दिलं होतं. "जपलंस तर फुडल्या नाताळाला परत लाल व्हईल," शिवदास म्हणाला. उन्हाळ्यात पानं गळून नुसत्या काड्या उरल्या. सासू मनुबाई म्हणाली, चुलीत घाल. शिवदासनं काड्या छाटल्या, माती बदलली, आणि पावसाळ्यात झाड हिरवंगार झालं. नवराबायकोला मूल नव्हतं. त्या डब्याचे काय लाड चालायचे ते विचारू नका.

तेहेतीस सालची नारळी पौर्णिमा झाली, मचवा निघाला, आणि भाद्रपदातल्या वादळानंतर परत आला नाही. पुढे दिघीच्या खाडीत त्याची डोलकाठी सापडली. बरोबरच्या दोघा खलाशांच्या घरी दिवस झाले, बायकांच्या बांगड्या फुटल्या. केसर ऐकेना. "माणूस दाखवा, मंग फोडते," म्हणायची.

आमच्याकडे लग्नातच नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्यात सोडतात, त्यानं नवऱ्याला सांभाळावं म्हणून. राहिल्या होत्या त्या डाव्या हातातल्या, आणि सगळ्या वस्तीचा डोळा त्यांच्यावर. दिवस न घातलेला जीव पाण्यावर भटकतो, बाकीच्या होड्यांच्या मागे लागतो, असं पाटील धर्माजीचं म्हणणं. मासळी कमी मिळाली तरी बोट केसरकडे. मनुबाईनं तर अंथरूण धरलं होतं, रोज रडायची, "माज्या लेकराला पानी तरी पोचू दे गं." सख्ख्या आईनंच आशा सोडलेली, बायकोनं कुणाकडे बघायचं?

एके दिवशी चार माणसं घेऊन पाटील दारात आला. केसर पार कोंडीत सापडली. समोर खिडकीत झाड होतं. ती बोलून गेली, "नाताळापत्तर थांबा. ह्ये त्येनं आनलेलं झाड हाय. लाल झालं तर त्यो जिता हाय. न्हाय झालं तर बांगड्या मीच फोडीन." देवीसमोर फुलाचा कौल घेणारी आमची माणसं, त्यांनी झाडाचाही कौल मानला.

मग तिनं त्या झाडात जीव ओतला. मासळी धुतलेलं पाणी घाल, शिंपल्यांची पूड घाल, हळदकुंकू वाहा. माणूस दर्यावर असला की घरातला दिवा रात्रभर मालवायचा नाही, ही आमची रीत. केसरनं तो दिवा झाडाच्या अगदी शेजारी ठेवला, दोघांची राखण एकदम व्हावी म्हणून. पोटाला मारून तेल घालायची. झाड तरारलं, पान मोठं, देठ जाड. पण निघेल ते पान हिरवं. वस्तीतल्या बाया मुद्दाम वाट वाकडी करून खिडकीत डोकावायच्या आणि च्‌च्‌ करत पुढे जायच्या.

दसऱ्यानंतर खाडीपलीकडच्या कोर्लईहून मारीबाय भाजी विकायला आली. ती किरिस्ताव, तिच्या परसात असली झाडं होती. खिडकीत बघून ती हसलीच. "अगं, दिवा कशाला त्याच्याजवळ? त्याला रातचा मिट्ट काळोख लागतो. मी घरामागं ठेवते, दिवा दिसत न्हाय तितं. दरसाल लाल व्हतं."

"दरसाल?" केसरनं विचारलं.

"दरसाल. न चुकता."

मारीबायचा घोव केसरच्या लग्नाआधीच समुद्रात बुडाला होता. साऱ्या खाडीला ते ठाऊक होतं.

केसर मला म्हणाली, "त्याच घडीला मला कळलं बघ. तिच्या झाडाला काय म्हाईत न्हवतं, माज्या झाडाला काय म्हाईत आसनार?" डोलकाठी सापडली, पाटलानं समजावलं, सासूनं डोकं आपटलं, तेव्हा जे तिला पटलं नव्हतं ते भाजीवालीच्या एका शब्दानं पटलं. शिवदास गेला होता.

तिनं रडून मोकळं व्हावं, तर दाराशी वस्ती टपलेली. या लोकांच्या हातून बांगड्या फोडून घ्यायच्या नाहीत, एवढाच हट्ट तिच्यात उरला होता. त्या दिवसापासून दिवस मावळला की ती झाडावर हारा, म्हणजे मासळीची मोठी टोपली, पालथी घालायची, वर शिवदासचं जाड घोंगडं टाकायची आणि सकाळी काढायची. बायांना वाटलं नवस असेल. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

नाताळाच्या आधीच शेंड्याची पानं शिरांपासून लाल होत गेली. कोर्लईच्या चर्चच्या घंटा वाजल्या त्या दिवशी झाड असं रंगलं होतं की धर्माजी पाटलानं डोक्यावरची टोपी काढली. ज्या बाया च्‌च्‌ करत होत्या त्याच आता ओटी भरायला आल्या. केसर भिंतीला टेकून उभी होती. कबूल करावं, सगळं ओरडून सांगावं, आत्ताच्या आत्ता हात दगडावर आपटावा, असं तिला झालं होतं.

तेवढ्यात मनुबाई आतून आली. चार महिने अंथरुणाला खिळलेली ती बाई स्वतःच्या पायांनी चालत आली होती. तिनं त्या दिवशी लेकाच्या वाट्याचं कालवणही बाजूला काढून ठेवलं होतं. सुनेचं तोंड दोन्ही हातांत धरून ती हसली आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं.

"आता रडायचं न्हाय हां, पोरी," म्हातारी म्हणाली. "तुजा घोव जिता हाय."

केसर म्हणाली, "व्हय, आई."