क्रेडिट बुडू नये म्हणून

आज सकाळी फ्रान्सहून खडकीला घरी पोचले. उन्हाळ्याच्या सुट्टीतला फ्रेंचचा कोर्स पूर्ण झाला, त्याचे क्रेडिट कॉलेजात धरले जाणार. बॅग दारातच टाकून ओरडले, "आजोबा, बोंजूर!"

कोणीच हसलं नाही. भिंतीवर बुद्धांच्या तसबिरीशेजारी आजोबांचा फोटो होता. हार घातलेला.

मी गेले आणि पुढच्याच आठवड्यात ते वारले. मागचा पुण्यानुमोदनाचा विधीसुद्धा झाला. माझा फोन यायचा तेव्हा इथे रात्र असायची, त्यामुळे "आजोबा झोपलेत गं" हे मला दर वेळी खरं वाटायचं.

पप्पा म्हणाले, "कळवलं असतं तर तू अर्ध्यातून आली असतीस. क्रेडिट बुडालं असतं. त्यांना चाललं असतं का ते?"

तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारलं होतं, घरी गेल्यावर आधी कोणाला भेटणार? मी आजोबांबद्दल भरभरून बोलले. दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले, माझ्याकडून फ्रेंच आकडे शिकणारे आजोबा. तेच पुन्हा रेकॉर्ड करून, खाली मराठीत अर्थ लिहून, घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या. अगदी सगळ्यांनी.

आत आई रडतेय. मी जिन्यात बसून हे लिहितेय. तुमच्या घरातलं कोणी बाहेर शिकायला निघालं असेल, तर असं काही झाल्यास कळवायचं की नाही, हे त्यालाच विचारून ठेवाल का?

आत्ताच पप्पा येऊन विचारून गेले, तोंडीला किती पडले?

म्हटलं, पैकीच्या पैकी.