शेवटच्या जागेसाठी रांग

भाच्याची तार मालेगावला पोचली तेव्हा मी नववीचे पेपर तपासत होतो. दाजी गेले होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, नाशकातले शाळामास्तर. दफनाला पोचलो, रडलोही. पण लिहायला बसलो तो नंतरच्या शोकसभेमुळे. तिथे आलेली शिसारी तीन आठवडे झाले तरी जात नाही.

चर्चमध्ये सात जण बोलले. सातही जणांनी दाजींच्या नम्रतेचा एकच दाखला दिला : एवढा शिकलेला, मानाच्या घरातला माणूस, पण प्रभुभोजनाचा प्याला सगळ्यांच्या शेवटी, दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या येशूबाईंच्या मागून घ्यायचा! एकाने तर चष्मा काढून डोळे पुसले... त्याआधी माईक नीट करून घेतला होता. येशूबाई दाराजवळ बसल्या होत्या. त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. आणि ज्या गोष्टीची दाजींना मरेपर्यंत लाज वाटली, तिचेच हे गोडवे.

आमच्याकडे प्रभुभोजनात द्राक्षारसाचा एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लागे. नियम लिहिलेला नव्हता, पण पुढचे बाक आधी उठत आणि येशूबाई शेवटी. बाप्तिस्मा घेताना माणसं बरंच काही मागे टाकून येतात. उष्ट्याचा विटाळ मात्र आठवणीने बरोबर आणतात. दाजींना ते सहन होईना. आणीबाणी उठली त्या वर्षी, मी तेव्हा नाशकातच होतो, ते काही न बोलता येशूबाईंच्या मागे उभे राहू लागले. मनापासून, यात मला शंका नाही. पण पाळकसाहेबांनी उपदेशात त्यांचं नाव घेतलं आणि साथ पसरली. चर्चच्या वडील मंडळींपैकी तिघे दाराशी रेंगाळू लागले. “तुम्ही व्हा पुढे.” “छे छे, आधी आपण.” शेवटी राहण्यासाठीची ही चढाओढ, एवढी मी एस.टी.त पहिलं चढण्यासाठीही पाहिलेली नाही. एका रविवारी दाजी धरून चौघेही बाईंच्या मागे खोळंबले आणि एक जण वैतागून म्हणाला, “अहो बाई, उरका ना! तुमच्यासाठी थांबलोय सगळे.” बाईंनी पदर सारखा केला, चपला घातल्या आणि प्याला न घेताच निघून गेल्या. पुढचे दोन महिने त्या प्रभुभोजनाला आल्या नाहीत.

“माझ्यामुळे एक माणूस प्रभूच्या मेजापासून तुटलं,” एवढंच दाजी म्हणत राहिले. शेवटी मला घेऊन पंचवटीत, भाजीबाजारामागच्या बाईंच्या खोलीवर गेले आणि दारातच हात जोडून म्हणाले, “बाई, माझं चुकलं.”

“काय चुकलं?”

दाजींना माफी पाठ होती, चूक नव्हती.

“मी सांगते, मास्तर. माझं उष्टं पिऊन तुम्ही मोठे झाले. मी हाय तिथंच. प्याल्याकडं कोण बघत व्हतं? समदे तुमच्याकडं बघत व्हते.”

“मग मी काय करू?”

“आपल्या बाकावर बसा. एवढे महिने माझ्या मागं उभे राहिले, मला गुडघा टेकाया किती तरास व्हतो, एकदा तरी इचारलं का?”

दाजी आपल्या बाकावर गेले. येशूबाई पुढच्या महिन्यात आल्या; दाजींना तेवढंच हवं होतं. बाकांचा क्रमच आलटून पालटून ठेवा, असा अर्जही त्यांनी वडील मंडळींना दिला. तो अजून विचाराधीन आहे. मास्तरांना गर्व चढला, असं मात्र लगेच ठरलं. मी चिडून म्हणालो, “दाजी, खरं काय ते सांगून टाका ना.”

“सांगितलं की पुन्हा नम्र ठरेन रे,” ते म्हणाले. “राहू दे.”

शोकसभेनंतर मी येशूबाईंबरोबर त्यांच्या खोलीवर गेलो. दाजी इतकी वर्षं दर रविवारी दुपारी तिथे चहाला जात, हे मला तेव्हा कळलं. खोलीत एकच खुर्ची होती. मी खाली बसू लागलो.

“आता तुम्ही नका सुरू करू,” बाई म्हणाल्या. “मास्तरबी लय दिवस खालीच बसायचे. मंग एकदा म्हणले, बाई, कंबर दुखतेय, खुर्ची द्या. त्या दिवशी मला बरं वाटलं.”

मी खुर्चीत बसलो. ती खिडकीकडे थोडी तिरकी वळवलेली होती. तिथून भाजीबाजार दिसत होता. मी ती सरळ केली नाही.