तीन पौंडांची नात

देशाने शेर, मैल आणि पौंड टाकून किलो-किलोमीटर धरले, याची काळजी अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याच्या वतीने एकट्या माझ्या मावशीच्या यजमानांनी वाहिली. बाकीच्यांनी थोडे दिवस कुरकुर केली आणि नव्या वजनांनी कांदे-बटाटे घ्यायला लागले. कायदा होऊन वीसेक वर्षं उलटली, ऐंशी साल मागे पडलं, मी नोकरीला लागलो, तरी काका भेटले की आधी विचारणार, "आपण जरा घाईच केली, असं नाही वाटत तुला?" कसली घाई, हे विचारायची गरज नसे.

काका मंडणगडला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. औंसात औषधं करता करता त्यांचे केस पिकले. बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवताना ते श्वास रोखून धरत. मग मिलिलिटर आले आणि, मावशी सांगायची, काका झोपेत गुणाकार पुटपुटायला लागले. त्यांचं म्हणणं असं, की सांगणारा एका मापात सांगणार, ऐकणारा दुसऱ्या मापात ऐकणार आणि मधल्या मधे कुणाचा तरी जीव जाणार. नेमका कुणाचा, हे माहीत नसल्यामुळे ते सगळ्यांचीच काळजी करत. कापडाच्या दुकानात गेले, तर मीटर हा वारापेक्षा तीन इंचांनी मोठा, तेव्हा देशभरातले हे तीन-तीन इंच जातात कुठे, या विचाराने शर्टाचं कापड न घेताच परत येत. एकदा दवाखान्यात सेल्सिअसचा थर्मामीटर आला. एका तापकऱ्याच्या तोंडातून तो काढून पाहतात, तर पारा एकोणचाळीसवर! अठ्ठ्याण्णवची सवय असलेल्या काकांना वाटलं, माणूस थंडच पडला. त्यांनी कापूस सोडवून त्याचा धागा माणसाच्या नाकाशी धरला. तो बिचारा म्हणाला, "शिंक येते ना हो!" तेव्हा कुठे काकांचा जीव भांड्यात पडला. अमेरिकेने अजून फूट-पौंड सोडले नाहीत असं त्यांनी कुठेसं वाचलं, तर आनंद व्हायच्या ऐवजी त्यांना नवीच काळजी लागली. "कुणीतरी त्यांना कळवायला हवं रे, बदलू नका म्हणून. सवय नसते बिचाऱ्यांना."

माझे वडील बरोबर दुसऱ्या टोकाचे. दहाने गुणा, दहाने भागा, झालं! पोरांची पावकी-निमकीच्या पाढ्यांतून सुटका झाली, यावर ते बेहद्द खूश. काका खेडला आमच्याकडे आले की दोघांची जुंपायची. वडील हसत बोलत. काका मात्र हसत नसत. भाताचा घास हातात तसाच धरून ते म्हणायचे, "भाऊ, तुमचं गणित बरोबर आहे. मला गणिताची भीती नाही. मला माणसांची भीती वाटते."

त्यांची एकुलती एक लेक शैला पहिल्या बाळंतपणाला आली, तेव्हा मावशी तिला घेऊन आमच्याकडेच राहिली, कारण प्रसूतिगृह आमच्या घराच्या मागेच होतं. काकांना तिने मंडणगडलाच थांबवलं. "तुम्ही आलात तर तिच्याआधी मलाच कळा सुरू होतील," असं तिने त्यांना तोंडावर सांगितलं.

एका सकाळी शैलाला मुलगी झाली. वडिलांनी पोस्टातून मंडणगडच्या दवाखान्यात ट्रंक कॉल लावला. लाइनमध्ये नुसती खरखर. फोनवर नेमके काकाच. वडील ओरडून म्हणाले, "मुलगी झाली! दोघी सुखरूप! वजन तीन..." आणि लाइन तुटली. वडील पेढे आणायला गेले.

तिकडे काकांच्या पायांखालची जमीन सरकली. आयुष्यभर त्यांनी बाळं पौंडातच ऐकली होती. सात पौंडांचं, फार तर सहाचं. तीन पौंडांची बाळं त्यांनी पाहिली होती आणि त्यातली बरीचशी पुढे दिसली नव्हती. सुखरूप म्हणतात, ते आपल्याला धीर द्यायला! बाळाला ऊब द्यायला त्यांनी दवाखान्यातला कापसाचा मोठा गठ्ठा उचलला, रबराची शेकायची पिशवी घेतली आणि चपला न घालताच खेडची एसटी पकडली.

गाडीत शेजारच्या बाईने विचारलं, "कापूस कुठं नेता हो, भाऊ?" काकांनी सांगितलं आणि त्यांना रडू फुटलं. बातमी मागच्या बाकापर्यंत पोचली. कुणी ग्रामदेवतेला नारळ बोलली, कुणी बाळासाठी आपल्या अंगावरची शाल काढून दिली. ड्रायव्हरने चहाला गाडी थांबवलीच नाही.

आम्ही प्रसूतिगृहाच्या ओटीवर पेढे खात उभे होतो, तोच काका अनवाणी धावत आले. मागे कंडक्टर आणि पाच-सहा बायका. मावशी गोंधळून बाळाला घेऊन पुढे झाली. गुबगुबीत, लालबुंद पोर, आवाज असा की कुत्री पळावीत. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते मटकन खाली बसले.

"ही आपली नव्हे," ते म्हणाले. "बदली झाली. आपली आत कुठेतरी एकटी पडली असेल. शोधा रे तिला!"

"ही तीन पौंडांची?" गाडीतली बाई पुढे होऊन म्हणाली, "मंग माझी म्हस काय पावशेराची हाय?"

"पौंड कोण म्हणालं?" वडील ओरडले. "तीन किलो! किलो!"

काकांचे ओठ हलायला लागले. तीन गुणिले दोन पूर्णांक दोन दशांश. हिशोब संपला तसं त्यांनी कापसाच्या गठ्ठ्यात तोंड खुपसलं आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. वडील त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. त्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. "चुकलं, काका," ते हळूच म्हणाले. "तोंडून किलो निघेपर्यंत लाइन टिकायला हवी होती."

"साडेसहा पौंड," काका डोळे पुसत म्हणाले. "छान वजन आहे हो." मग त्या बायकांना पेढे वाटले. परतीच्या गाडीला उशीर झाला, पण कुणी तक्रार केली नाही.

त्यानंतर काका दर महिन्याला खेडला येऊन नातीचं वजन करायला लागले. किलोतच करायचे, मग पौंडात, आणि दोन्ही आकडे वडिलांना मोठ्याने सांगायचे. वाद मात्र पुन्हा कधी झाला नाही. का कोण जाणे, वडीलच काढत नसत.

पोर चालायला लागली तेव्हा जावयाने खेडजवळच्या लोटे गावातल्या कारखान्यातली नोकरी सोडून गुजरातेतली धरली. त्यांना निरोप द्यायला आम्ही सगळे खेडच्या स्टँडवर गेलो होतो. गाडी लागली तरी काकांनी नातीला खाली ठेवलं नाही. शैलाने हात पुढे केले, तेव्हा त्यांनी पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "जड झाली गं."

किती, ते त्यांनी सांगितलं नाही. वडिलांनीही विचारलं नाही.