विमान लोड होईपर्यंत

आता माझ्या लॅपटॉपवर फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवायचा खेळ, लगेच उघडतो. खुर्ची नीट ओढून घेईपर्यंत विमान धावपट्टीवर उभं असतं. अशा वेळी मला कर्जतच्या घरातली मधली खोली आठवते.

तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. माझा चुलतभाऊ, दादा, इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि त्याचा जुना कॉम्प्युटर माझ्या वाट्याला आला. त्याची हार्ड डिस्क इतकी संथ, की विमान लोड होईपर्यंत मेथीची एक जुडी निवडून व्हायची. हे माप काकूचं, म्हणजे दादाच्या आईचं. मी सिम्युलेटर सुरू केला की ती ताट घेऊन शेजारी बसायची.

इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी पुस्तकी झालंय, असं घरात सगळे हसून म्हणायचे. मग मी आणखीच गप्प व्हायचे. काकू हसायची नाही, माझ्याकडे बघायचीही नाही. दोघींचे डोळे पडद्यावरच्या हळूहळू भरणाऱ्या पट्टीवर. तसं असलं की मला बोलता यायचं.

"अजून न्हाई भरलं व्हय? थ्री फेज आल्याबिगर न्हाई पळायचं त्ये."

"काकू, ती काय विहिरीवरची मोटर आहे?"

"मग काय हाय?"

ते मला मराठीत सांगता यायचं नाही. मग ती मिरजगावचं, तिच्या माहेरचं काहीतरी काढायची आणि मी कॉलेजातलं. विमान उडालं की ती उठायची. उडण्यात तिला काही रस नव्हता.

दिवाळीत दादाने जुन्या हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी आणून बसवली. हवेत गेल्यावर फारसा फरक नव्हता. खालची शेतं इंटरनेटवरून यायची, ती पूर्वीसारखीच अडखळत यायची. पण सुरुवातीचं थांबणं जवळजवळ संपलं.

"तोंड का पाडलंस? थँक्यू तरी म्हण," दादा म्हणाला. मी थँक्यू म्हटलं.

तो पुण्याला गेल्यावर काकू नेहमीसारखी ताट घेऊन आली. चार काड्या निवडल्या तोवर विमान समोर हजर.

"झालं?"

"झालं."

"बरं झालं बाई. उडीव मग," म्हणत ती ताट उचलून स्वयंपाकघरात गेली.

मी कीबोर्डवर बोट ठेवून बसून राहिले. स्वतःहून उठून कुणाशी बोलायला जाणं मला कधी जमलं नव्हतं. कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं, एवढंच. विमानाचं इंजिन घरघरत होतं. ते तसंच सोडून मी आत गेले आणि काकूसमोर फरशीवर बसले.

"का गं, बंद पडलं व्हय?"

"नाही, चालू आहे."

"मग?"

"मिरजगावच्या बाजाराचं परवा अर्धंच सांगितलंस."

तिने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. मग ताट दोघींच्या मधे सरकवलं.

"जाड देठं घिऊ नको," ती म्हणाली आणि सांगायला लागली.