पवायची ट्यूब

रबराच्या नव्या ट्यूबचा वास आला की मला ती सकाळ आठवती. उन्हाळ्यात सगळ्यांनी रत्नागिरीला जायचं ठरलंतं, मी लेकीची पवायची ट्यूब फुगवून बघत हुते, तवर सासूबाई म्हणल्या, "अगं, म्हस तुझ्याच हाताला पान्हा सोडती, तू ऱ्हा की, फोटू दावतो तुला." आमचं मालक खाली मान घालून बॅगा गाडीत ठेवाय लागलं. दोन वर्साच्या लेकीला घिऊन गाडी गेली आन ट्यूब माझ्या हातातच ऱ्हायली. पोरीला पाण्यात कोण धरंल, ह्या भ्यानं मी सारखा फोन लावला, कुणी उचललाच न्हाय. तिसऱ्या दिशी लेक हसत आली. तिच्या फ्रॉकातली वाळू मी पुडीत बांधून ठेवली, अजून हाय. मी बघितलेला समुद्र तेवढाच.